निष्कर्षाची रिकामी ओळ

आमच्या गावापर्यंत कुरिअर येत नाही. सामान एटापल्लीत एका किराणा दुकानात उतरतं आणि ज्याची गाडी तिकडून येईल त्याच्या हाती ते आणवून घ्यायचं. रॉकेटचं खोकं मात्र मी कुणाच्या हाती दिलं नाही. सुटीच्या दिवशी स्वतः गेले आणि एसटीत मांडीवर घेऊन आले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की हे पाण्याचं रॉकेट शंभर फूट उडतं. मी आश्रमशाळेत विज्ञान शिकवते, आणि आठवीच्या एकोणतीस मुलींना मी आठवडाभर आधीच सांगून बसले होते की शाळेमागच्या मोहाच्या झाडापेक्षा उंच उडणारी वस्तू दाखवीन. शब्द आधी देऊन टाकायचा आणि विचार मागून करायचा, ही माझी जुनी खोड आहे.

खोकं उघडलं आणि नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा अशी गत झाली. आत एक बाटली, थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीपेक्षाही पातळ. एक रबरी बूच, त्यातून आरपार गेलेला व्हॉल्व्ह. दुहेरी चिकटपट्टीनं लावायचे चार पंख, एक टोकदार टोपी आणि तीन पायांचा स्टँड, ज्याचा एक पाय जन्मतःच आखूड होता. बाटलीत थोडं पाणी घालायचं, बूच बसवून ती उलटी स्टँडवर ठेवायची आणि सायकलच्या पंपानं हवा भरत राहायचं. दाब वाढला की बूच सुटतं, पाणी खाली फेकलं जातं आणि बाटली वर जाते. एवढं साधं काम. मी दोन संध्याकाळी बसून पंख चिकटवले आणि वर्गातल्या कपाटावर ते रॉकेट मोठ्या रुबाबात उभं केलं.

उडवायच्या दिवशी सगळी शाळा मैदानात आली. मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही सगळे मोठे सर म्हणतो, तेही खुर्ची टाकून बसले. सतरा वेळा पंप मारून झाला आणि बूच एका बाजूनं फुसफुसायला लागलं. अठराव्याला बाटली तिरकी सुटली, मोठ्या सरांच्या पँटवर पाणी उडवत स्वयंपाकघराच्या टिनाच्या छपराच्या कडेपर्यंत गेली आणि आपटून खाली पडली. एक पंख तेवढा टिनावर राहिला. मुली पोट धरून हसल्या. मीही हसल्यासारखं केलं, पण आतून मला संताप आला होता आणि लाजही वाटत होती.

पुढच्या तासाला मी जे केलं ते सांगायला आजही जड जातं. आमच्याकडे प्रयोगवही लिहून घ्यायची एक रीत आहे. साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, सगळं शिक्षकानं सांगायचं आणि मुलांनी लिहायचं. प्रयोग झाला असो की नसो, वही पूर्ण हवी. मी स्वतः नागभीडच्या शाळेत अशाच वह्या लिहिल्या आहेत. कधी न पाहिलेल्या परीक्षानळीत निळा रंग आला असं सुंदर अक्षरात लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले आहेत. त्या दिवशीही तोंडाला सवय होती. मी सांगत गेले आणि शेवटी म्हणाले, लिहा, निष्कर्ष, रॉकेट शंभर फूट उंच उडाले.

अठ्ठावीस मुलींनी लिहिलं. मी बरोबरची खूण करून लाल शाईनं सही ठोकली. एकीच्या वहीत निष्कर्षाची ओळ रिकामी होती. ही मुलगी जंगलातल्या एका लहान गावची, घरी माडिया बोलणारी, वर्गात महिन्यातून दोनदा तोंड उघडणारी. मी विचारलं, काऊन नाई लिहिलं?

ती म्हणाली, "बाई, ते तं टिनापर्यंतच गेलं. मी पाह्यलं."

मी म्हणाले की खोक्यावर तसंच छापलंय, पुस्तकातले निष्कर्षही आपण छापलेलेच लिहितो, वही अपुरी राहिली तर गुण जातील. तिनं मान हलवली आणि पेन खाली ठेवलं. विचारून पाहिलं तेव्हा एवढंच म्हणाली, "मंग बाकीचं बी असंच असन काय, पुस्तकातलं?"

मी तिच्या पानावर लाल शाईनं 'अपूर्ण' लिहिलं आणि वही परत दिली.

त्या रात्री मला झोप लागली नाही हे म्हणणं खोटं होईल, मी गाढ झोपले. पण सकाळी दात घासताना बाबांची आठवण आली. आमचं घर बौद्ध. दर पौर्णिमेला वंदना झाली की बाबा आम्हा भावंडांना सांगायचे, कुणी मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून मानू नका, लिहिलंय म्हणून मानू नका, तपासून पाहा. ते ऐकत मी विज्ञानाची पदवी घेतली, घरातली पहिली. आणि आता एका मुलीनं तेच केलं तर मी तिला लाल शाई दाखवली. ती पुस्तकावरचा विश्वास घालवून बसली असती तर तो मी घालवला होता. टूथब्रश हातात धरून मी ठरवलं की हे रॉकेट उडणार, आणि किती उडतं ते आम्ही मोजणार.

मोठ्या सरांनी अभ्यासक्रम मागे पडतोय याची आठवण करून दिली. मी म्हटलं, शाळा सुटल्यावर करते, सर. मग रोज शाळा सुटल्यापासून वसतिगृहाच्या हजेरीपर्यंतचा वेळ त्या बाटलीनं खाल्ला. बूच फुसफुसत होतं म्हणून त्याला जुन्या सायकल ट्यूबची पट्टी गुंडाळली. चिकटपट्टी ओली झाली की सुटायची, म्हणून पंख दोऱ्यानं बांधले. तरी बाटली वर जाताच हवेत गटांगळ्या खायची. सात दिवस आम्ही तिला उडवलं आणि सात दिवस ती बाजूच्या वांग्यांच्या वाफ्यात पडली.

आठव्या दिवशी आमचे कामाठी भाऊ पाणी भरता भरता थांबले. वयस्कर माणूस, शाळेत झाडलोट करतात आणि घरी मासे मारायचे बाण स्वतः घडवतात. त्यांनी बाटली घेतली, एका बोटावर आडवी तोलून पाहिली आणि म्हणाले, "बाई, याचं बूड जड हाये अन् तोंड हलकं. असा बाण सोडला तं मासोळीले नाई, आपल्याच पायाले लागते."

मी पदवीधर आणि मला हे सुचलं नव्हतं. गुरुत्वमध्य मी दरवर्षी शिकवते. चिडायला कुणी समोर नव्हतं, म्हणून स्वतःवरच चिडले आणि कामाला लागले. टोपीत ओली माती भरली, सुकू दिली, बोटावर तोलली, पुन्हा भरली. रिकामी ओळ ठेवणारी ती मुलगी रोज यायची आणि पंप मारायची. तिनं मला माफ केलंय की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, आणि मला ते विचारायची हिंमत नव्हती.

उंची मोजायची युक्ती मी फळ्यावर समजावली. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोरा आणि खडा बांधायचा. स्टँडपासून एकेका फुटावर खुणा करून विसाव्या खुणेपासून पुढे मुली ओळीनं उभ्या राहतील. रॉकेट सर्वांत वर असताना जिला ते बरोबर पंचेचाळीस अंशांवर दिसेल, तिनं हात वर करायचा. ती स्टँडपासून जितकी दूर, तितकं रॉकेट तिच्या डोळ्यांपासून वर.

शेवटी एका शुक्रवारी ते सरळ गेलं. सरळ म्हणजे अगदी सरळ, पाण्याची पांढरी शेपटी सोडत. टिन मागे पडलं, स्वयंपाकघराची चिमणी मागे पडली. मोहाच्या शेंड्याला काही ते पोचलं नाही. ओळीतला एक हात वर झाला. सदतिसावी खूण. मी वहीत सदतीस लिहायला घेतलं तर मागून रिकामी ओळ ठेवणारीचा आवाज आला, तिच्या डोळ्याची उंची धरली नाई, बाई. तिनंच टेप आणला आणि हात वर करणाऱ्या मैत्रिणीला उभं करून मोजलं. जमिनीपासून डोळ्यांपर्यंत चार फूट. एकूण एक्केचाळीस.

मला इतका आनंद झाला की माझी जुनी खोड उफाळून आली. वर्गात गेल्या गेल्या मी खडू उचलला आणि म्हणाले, लिहा, निष्कर्ष, रॉकेट सुमारे पन्नास फूट उडाले.

एकही पेन हललं नाही. एकोणतीस जणी माझ्याकडे बघत होत्या. मग ती म्हणाली, "एक्केचाळीस, बाई."

मी फळ्यावर एक्केचाळीस लिहिलं. तिनं पेन उघडलं आणि लिहिलं.

कुणीतरी विचारलं, मागच्या पानावरच्या शंभराचं काय करायचं? मी सांगितलं, खोडा आणि जे पाहिलं ते लिहा. मोठे सर दारात होते. म्हणाले, राहू द्या ना बाई, तपासणीत खाडाखोड दिसते. मी म्हटलं, दिसू द्या सर. ते निघून गेले.

संध्याकाळी मी वह्यांचा गठ्ठा घेऊन व्हरांड्यात बसले. अठ्ठावीस वह्यांत शंभर खोडलेलं होतं आणि शेजारी 'टिनापर्यंत' असं लिहिलेलं होतं. प्रत्येकीतली माझी खूण आणि सही मी एकेक करून खोडली. शेवटची वही तिची होती. त्या पानावर तिला खोडावं लागेल असं तिनं काहीच लिहिलं नव्हतं. माझं लाल 'अपूर्ण' तेवढं होतं. त्यावर मी रेघ मारली.