खोकल्याला आजार म्हणत नाहीत

त्या घरात ताप आला की तो आजार होता, कावीळ झाली की आजार होता, पाय मोडला तर तोही आजारातच धरत. खोकला मात्र आजारात बसत नसे. कुणी खोकलं की दुसरं कुणीतरी म्हणायचं, "दगड बोलतोय," आणि पाण्याचा पेला पुढे सरकवायचं. मग जेवण पुढे चालू.

घराला लागूनच पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये दगड कापायचा कारखाना. लोकांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यांसाठी लाद्या कापायच्या, कडा गोल करायच्या, सिंकसाठी भोक पाडायचं, पॉलिश मारायचं. आधी वडील हे काम करत, मग थोरला मुलगा, मग त्याच्या हाताखाली धाकटा. घरातल्या म्हातारीला कारखान्यातले लोक 'इन्स्पेक्टरबाई' म्हणत, कारण त्यांच्या खांद्यावर कायम एक ओलं फडकं असे आणि त्या जिथे जातील तिथे आधी बोट फिरवून बघत. खुर्चीवर बोट, दाराच्या कडीवर बोट, भाताच्या झाकणावर बोट. बोट पांढरं झालं की फडकं फिरलंच.

कामाचे कपडे त्या वेगळ्या बादलीत भिजवत. पाण्याचा रंग बघून सांगत, "आज काळा कापला वाटतं," किंवा "हा नवा पांढरा दगड मेला साबणालाही दाद देत नाही." त्यांचा नवरा पन्नाशीच्या आत गेला होता. शेवटचे काही महिने तो बसून झोपायचा. इन्स्पेक्टरबाई हे सांगताना म्हणत, "वय झालं होतं त्यांचं." ऐकणारा मान हलवी. गेलेल्या माणसाचं वय कोण मोजत बसतं?

थोरल्याने कर्ज काढलं ते पाण्यावर चालणाऱ्या मशीनसाठी. पात्यावर सतत पाणी पडतं, त्यामुळे धूळ उडत नाही, सगळा चिखल होऊन खाली वाहून जातो. हे मशीन आणायचंच, असा त्याच्या बायकोने हट्ट धरला होता. घर इन्स्पेक्टरबाईंच्या नावावर, म्हणून बँकेत सही करायला त्याही गेल्या. सून घरी होती, लेकीला गोवर निघाला होता.

बँकेतली कर्ज देणारी मुलगी गोड बोलणारी होती. जिना चढून वर येईस्तोवर थोरल्याला धाप लागली, तेव्हा तिनेच खुर्ची ओढून दिली, तिनेच पाणी आणून दिलं. मग म्हणाली, "सर, यात विमा घ्यावाच लागतो. त्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. उद्या तुम्हाला काही झालं, तर कर्ज विम्यातून फिटेल. घरच्यांना तोशीस नाही."

थोरल्याने आईकडे बघितलं. आईला ही सोय बरी वाटली. विम्याचे पैसेही कर्जातच घालून दिले, म्हणजे खिशातून काही द्यायला नको. त्यावरही व्याज चढणार होतं, हे कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

"काही आजार वगैरे?" मुलीने विचारलं.

थोरला उत्तर द्यायला गेला आणि खोकू लागला. खोकला थांबेना, तेव्हा आईनेच उत्तर दिलं, "छे, आजार कसला! दगडाचं काम करतो."

मुलगी हसली. "म्हणजे नाही लिहिते," म्हणाली आणि तिने 'नाही' लिहिलं.

मशीन आलं. वर्षभर पाणी उडत राहिलं, चिखल वाहत राहिला. पण थोरल्याच्या छातीत जे आधीच जाऊन बसलं होतं, ते त्या पाण्याने धुतलं जाणार नव्हतं. पुढच्या वर्षी तो गेला. शेवटी तोही बसूनच झोपत होता.

विमा कंपनीने जुने एक्स-रे मागवले आणि कळवलं, की आजार विमा घेण्याआधीपासूनचा आहे, तो लपवून ठेवला, सबब काही देता येत नाही. बँकेने कर्जाचा तगादा लावला. हप्ते थकले. मशीनचा पाण्याचा पंप बिघडला, तो दुरुस्त करायला पैसे नव्हते. धाकटा तेच मशीन कोरडं चालवू लागला. मग घरावर जप्तीची नोटीस आली.

सून एका वकीलबाईंकडे गेली. त्या ग्राहकांच्या तक्रारी फुकट बघत. त्यांनी कागद वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

"मृत्यूचे पैसे विसर," त्या म्हणाल्या. "ते भांडण आपण हरणार. पण दुसरं एक भांडण आहे. हा विमा तुमच्या माणसाला विकायलाच नको होता. समोर आजारी माणूस बसलाय, हे दिसत असताना, विमा सक्तीचा नसताना, सक्तीचा सांगून गळ्यात मारला. हे सिद्ध झालं तर विम्यापोटी घेतलेले सगळे पैसे व्याजासकट परत मिळतात. थकबाकी तेवढ्यात निघेल. जप्ती टळेल. पण तो आजारी दिसत होता, हे सांगणारं माणूस पाहिजे. तिथे कोण होतं?"

तिथे इन्स्पेक्टरबाई होत्या.

"मी असं काही सांगणार नाही," त्या सुनेला म्हणाल्या. भाजी चिरत होत्या, मान वर केली नाही. "माझा मुलगा आजारी नव्हता."

"आई, डॉक्टरांचे कागद आहेत घरात."

"डॉक्टरांना काय, त्यांना निरोगी माणूस परवडत नाही."

"तुम्ही तिथे होतात. तो जिन्यात थांबला होता, तुम्हीच मला घरी येऊन सांगितलंत."

"जिना उंच होता."

धाकटा दारात बूट झटकत होता. म्हणाला, "वहिनी, आईला कशाला त्रास देताय? मला उभं करा. मी त्या बँकेच्या साहेबासमोर असा खोकून दाखवतो, की बँकच आपल्याला वर्गणी देईल." आणि हसता हसता त्याला खरंच ठसका लागला. इन्स्पेक्टरबाईंनी सवयीने पाण्याचा पेला सरकवला.

"दगड बोलतोय," त्या म्हणाल्या.

"भाऊजी, तुम्ही जरा गप्प बसा," सून म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आई, घर जाईल. मशीन जाईल. एक वाक्य बोलायचंय तुम्हाला. तुमच्या जिवावर का येतंय एवढं?"

इन्स्पेक्टरबाईंनी सुरी ताटात ठेवली.

"तो आजारी होता, असं म्हटलं, तर मग मी काय केलं गं?" त्या म्हणाल्या. "सकाळी उठत नव्हता, तेव्हा पांघरूण ओढून उठवलं मी त्याला. गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून. आजारी माणसाला कुणी असं उठवतं का?"

सुनेने ताटातली सुरी उचलून उरलेली भाजी चिरायला घेतली. दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी बँकेचा माणूस येऊन शेडची मापं घेऊन गेला. मापं घेताना टेपचं एक टोक त्याने इन्स्पेक्टरबाईंच्याच हातात दिलं, "आजी, जरा धरता का?" म्हणून. त्यांनी धरलं. त्या रात्री जेवताना म्हणाल्या, "वकीलबाईंना सांग, येते."

सुनावणीची खोली लहान होती. लांब टेबलाच्या एका टोकाला निवाडा करणाऱ्या मॅडम, बाजूला टाइप करणारा कारकून, समोर बँकेचा साहेब. इन्स्पेक्टरबाईंनी बसण्याआधी खुर्चीवर बोट फिरवलं. वकीलबाईंनी विचारलं ते त्यांनी नीट सांगितलं. जिन्यात थांबला ते, मुलीने खुर्ची दिली ते, विमा घ्यावाच लागतो म्हणाली ते.

मग साहेब उठला. अदबीचा माणूस होता. "आजी, आजार आहे का विचारल्यावर 'छे' कोण म्हणालं होतं?"

"मी."

"मग खोटं तेव्हा बोललात, की आज बोलताय?"

सुनेने डोळे मिटून घेतले. इन्स्पेक्टरबाईंनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. दगडी टेबल होतं, कडा गोल केलेली.

"तेव्हाही खोटं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे खोकल्याला आजार म्हणत नाहीत. म्हटलं तर दुसऱ्या दिवशी कामावर कोण जाईल? नवऱ्याच्या वेळेलाही म्हटलं नाही, मुलाच्या वेळेलाही नाही. पण त्या मुलीचं तसं नव्हतं ना. तिच्या घरी कुणी दगड कापत नसेल. तिला तर खोकला म्हणजे खोकलाच दिसला असेल. म्हणून तर तिने पाणी आणलं."

साहेब खाली बसला.

"म्हणजे तुमचा मुलगा आजारी होता?" मॅडमनी विचारलं.

"होता. बसून झोपायचा. उशीच्या अभ्र्यावर रक्त यायचं, ते मी सून उठायच्या आत धुवायची. मला दिसत होतं आणि मी त्याला कामावर धाडलं."

"शेवटचं घेऊ नका," मॅडम कारकुनाला हळूच म्हणाल्या. "त्याची गरज नाही."

"घ्या," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

निकाल महिन्याभराने पोस्टाने आला. विम्याचे पैसे व्याजासकट परत. त्यातला एक पैसाही कुणी हातात धरला नाही. बँकेने ते पैसे थकबाकीत वळते करून घेतले आणि जप्ती मागे घेतल्याचं कळवलं. उरलेलं कर्ज होतं तसंच होतं, हप्ता पाच तारखेला.

धाकट्याने शेडमधूनच ओरडून विचारलं, "जिंकलो ना, वहिनी?" त्याच्या पापण्या, भुवया, मिशा सगळं पांढरं होतं. हसला आणि खोकू लागला. बराच वेळ खोकला.

इन्स्पेक्टरबाई चालत गेल्या आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. पातं फिरत फिरत थांबलं.

"तू आजारी आहेस," त्या म्हणाल्या. "घरी चल."

तो गंमत समजून हसला. मग आईचा चेहरा बघून हसायचा थांबला. सुनेकडे वळून म्हणाला, "वहिनी, आता तुम्हीच सांगा हिला."

सून दारात कागद घेऊन उभी होती. सासूच्या तोंडून 'आजारी' हा शब्द निघावा म्हणून तिने किती जीव आटवला होता.

"आई," ती म्हणाली, "हा ओटा उद्या द्यायचाय. पाच तारीख जवळ आलीय. पंप आपण पुढच्या महिन्यात बघू."

आणि तिनेच स्विच वर केला. पातं पुन्हा घुमू लागलं.

इन्स्पेक्टरबाई घरात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात बागेला पाणी घालायचा पाइप होता, मागे मोरीच्या नळापर्यंत लांबवलेला. खांद्यावरचं फडकं त्यांनी धाकट्याच्या तोंडावर बांधलं आणि पाइपाचं तोंड पात्यावर धरून त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. पाणी कमी दाबाचं होतं, धार मध्येच तुटायची. ती तुटली, की धूळ उसळून दोघांच्याही तोंडावर येई.

"मागे सर, आई," धाकटा म्हणाला.

"तू काप," त्या म्हणाल्या आणि त्यांना खोकला आला.

'दगड बोलतोय' असं या वेळी कुणी म्हटलं नाही.