बैलांना न कळलेलं गाणं

रेडिओवर गाणं लागलं की मी उठून बाहेर जातो. घरच्यांचा समज असा की म्हाताऱ्याला नव्या गाण्यांचा तिटकारा आहे. नव्यांचं मला काही वाटत नाही, ती खुशाल वाजोत. मी उठतो तो जुनी लागल्यावर, आणि त्यातही एकाच गाण्याला. पण एवढं समजावून सांगत बसायचा माझा स्वभाव नाही, म्हणून तिटकाऱ्याचा आरोप मी मुकाट्यानं सोसतो.

सांगलीला हायस्कुलात होतो तेव्हा लढाई सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आमचं गाव आष्ट्याच्या बाजूला, उसाचं. मी खोली घेऊन राहायचो आणि सुट्टीला गावी जायचो. मोटारस्टँडसमोर एक हॉटेल होतं. त्याच्या मालकानं कर्ण्याचा फोनो आणून गल्ल्याशेजारी ठेवला होता. एका चहावर चार तबकड्या ऐकायला मिळत. पाचवी लावायच्या आधी मालक स्वतः येऊन आमच्यासमोरचा रिकामा कप उचलायचा आणि आमच्याकडं बघत उभा राहायचा. तेवढं बघणं आम्हाला पुरे व्हायचं.

त्या तबकड्यांवरच्या सिनेमाच्या गाण्यांनी आमचं जे काही करून ठेवलं ते सांगताना आजही कानकोंडं व्हायला होतं. सरळ पाडलेले भांग वाकडे झाले. टोप्या खिशात गेल्या. गळ्याला रुमाल आले. आम्ही चालायचोसुद्धा हळूहळू, जणू काही फार मोठं दुःख सोबत घेऊन निघालोय. मी तोवर आईशिवाय कुठल्या बाईमाणसाशी धड चार वाक्यं बोललो नव्हतो, आणि तरीही मला विरह झाला होता. कृष्णेच्या घाटावर बसून आम्ही पाच-सहा जण कुणासाठी तरी उसासे टाकायचो. कुणासाठी ते एकालाही ठाऊक नव्हतं. वर्गातल्या एकानं पलीकडच्या आळीतल्या मुलीला चिठ्ठी लिहिली आणि तिच्या चुलत्याचा मार खाल्ला. सुजलेला गाल घेऊन तो घाटावर आला तेव्हा आम्हाला त्याचा हेवा वाटला.

मी एक वही केली होती. ऐकलेलं गाणं खोलीवर येऊन उतरवायचं, विसरलेल्या ओळीसाठी पुन्हा चहा प्यायला जायचं. इतिहासाच्या वहीपेक्षा ती जाड झाली. सुट्टीत ती मी गावी नेली, आणि तिथून पुढचं सगळं माझ्या खात्यावर आहे.

माझा थोरला भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. चौथीतून त्यानं शाळा सोडली आणि मोटेवर उभा राहिला. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी; विहिरीत सोडून ती दोन बैलांनी ओढायची. विहिरीपासून उताराची वाट असते, ती धाव. बैल धावेवरून खाली गेले की भरलेली मोट वर येते आणि काठावरच्या दगडी थारोळ्यात ओतते. मग बैलांनी त्याच वाटेनं पाठमोरं मागं सरत विहिरीपर्यंत यायचं. पाठीमागचं बैलांना दिसत नाही. किती मागं यायचं आणि कुठं थांबायचं, हे त्यांना मोट हाकणाऱ्याच्या गाण्यानं कळतं. भाऊ ओळ सुरू करायचा, बैल मागं सरायला लागायचे, तो शेवटचा शब्द लांबवत न्यायचा, आणि मोट पाण्याला टेकली की सूर एकदम तोडायचा. सूर तुटला की दोन्ही बैल जागच्या जागी उभे. दिवसभरात असं किती वेळा व्हायचं कोण जाणे, पण पाय कधी चुकला नाही.

आणि त्याचा गळा. आपल्याच भावाचं कौतुक म्हणून सांगत नाही. रस्त्यानं बाजारला जाणाऱ्या गाड्या आमच्या रानाशी आल्या की हळू व्हायच्या. आबांना, म्हणजे वडिलांना, याचा आतून अभिमान होता; पण तोंडानं म्हणायचे, गळा बैलांसाठी आहे, माणसांसाठी नव्हे.

मी वही उघडली आणि त्याला पहिलं गाणं म्हणून दाखवलं. माझा आवाज म्हणजे फुटक्या घागरीचा. तरी दोनदा ऐकून त्यानं ते असं उचललं की फोनोतला माणूस त्याच्यापुढं फिका वाटला. पुढच्या दोन-तीन सुट्ट्यांत त्यानं वही संपवली. अक्षरं त्याला मोठ्या कष्टानं लागत, म्हणून बांधावर बसून मी वाचायचो आणि तो पाठ करायचा. माझ्यासारखे उसासे त्यानं टाकले नाहीत. त्याला वेगळंच लागलं होतं. एकदा त्याला सांगलीला नेऊन त्या हॉटेलात बसवलं. चारी तबकड्या संपेपर्यंत तो कर्ण्याकडं टक लावून बसला. चहावर साय धरली. परतीच्या वाटेवर त्यानं विचारलं की कोल्हापुरात सिनेमाच्या कंपन्या आहेत म्हणतात, तिथं गाणाऱ्याला घेतात का. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, का नाही घेणार, मी करतो चौकशी. माझ्या कोल्हापुरात ओळखी असल्यासारखा. चौकशी मी केली नाही. तो मात्र त्या शब्दावर वर्षभर जगला. दर सुट्टीला आल्या आल्या माझ्या तोंडाकडं बघायचा, आणि मी परीक्षेचं कारण सांगायचो.

चैत्रात उसाला पाणी पुरेना, म्हणून मोट सकाळपासून चालायची. त्या सुट्टीत मी वर्गातल्या एका मुलाला गाव दाखवायला घेऊन आलो होतो. पेठेतला, वडील वकील, घरी स्वतःचा फोनो. मी त्याच्यापुढं भावाच्या गळ्याची इतकी फुशारकी मारली होती की आता ते खरं करून दाखवणं भाग होतं. सकाळी आम्ही दोघं धावेच्या कडेला जाऊन बसलो. भाऊ नेहमीचं मोटेवरचं गात होता. पाहुणा ऐकत होता, पण मला ते गावंढळ वाटायला लागलं. मला भाऊ सिनेमाचं गाताना दाखवायचा होता.

मी म्हणालो, "दादा, ते वहीतलं शेवटचं म्हण की."

"दुपारी सुटल्यावर म्हनतो रं. आता न्हाई. बैलांस्नी त्ये कळत न्हाई."

मी ऐकलं नाही. एकदाच म्हण, पाहुणा दुपारच्या मोटारीनं जाणार आहे, असं काहीबाही बोललो. शेवटी जे बोललो ते मला आजही धडधडीत ऐकू येतं. "कोल्हापुरात काय बैल बघून गाणार हायस?"

भाऊ हसला. बैल खाली गेले, मोट ओतली, आणि परतताना त्यानं ते गाणं धरलं.

फार सुंदर म्हटलं त्यानं. एवढं मला कबूल करायलाच हवं. दोन खेपा नीट गेल्या, कारण तो भान ठेवून हातानं नाडा, म्हणजे मोटेचा दोर, हिसडून बैलांना थांबवत होता. तिसऱ्या खेपेला गाण्यातली ती जागा आली, जिथं सूर वर जातो आणि तुटत नाही, पुढच्या ओळीत उतरतो. भावानं डोळे मिटले. बैल सूर तुटायची वाट बघत मागं सरत राहिले. सूर तुटला नाही. डाव्या बाजूचा बैल मागच्या पायांनी थारोळ्यात गेला, शेवाळावर घसरला, मानेला बांधलेली जुपणी तुटली आणि तो उघड्या बाजूनं विहिरीत पडला. उजवा काठावर थरथरत उभा राहिला.

त्या दोघांतला डावा बैल म्हातारा, घरच्याच गाईचा. भाऊ पोरगेला असताना त्याला चारायला न्यायचा. भावानं त्याच्यामागं उडी टाकली. मी काठावर उभा राहून ओरडत होतो आणि काय ओरडत होतो ते मला कळत नव्हतं. आबा शिवारातून पळत आले, माणसं जमली, दोर आले. बैल पाण्यात जिवंत होता. मागचं अंग हलत नव्हतं. पुढचे पाय तो मारत होता. भाऊ पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून त्याचं डोकं पाण्यावर धरून होता. पोटाखालून दोर घालायचा तर बैल क्षणभर स्थिर पाहिजे होता, आणि तो भीतीनं नुसता धडपडत होता.

आबा वरून म्हणाले, "त्येचं गानं म्हन त्येला. उगा ऱ्हाईल."

भाऊ गायला लागला. तेच रोजचं मोटेचं गाणं, विहिरीत घुमत वर आलं. बैल खरोखर शांत झाला. त्यानं कान टवकारले. खाली उतरलेल्या दोघांनी दोर पोटाखालून घेतला आणि ते गाठ मारायला लागले. आणि भाऊ सवयीनं ओळीच्या शेवटापर्यंत गेला, शब्द लांबवला आणि सूर तोडला.

सूर तुटला की थांबायचं आणि मग पुढं रेटायचं, जन्मभर बैल हेच शिकलेला. तो थांबला. मग मान खाली घालून, पुढच्या पायांनी, होती नव्हती ती ताकद लावून त्यानं पुढं ओढ घेतली, मोट ओढतात तशी. दोर निसटला. बैल भावाच्या हातातून सुटून समोरच्या दगडावर आपटला आणि खाली गेला. परत वर आला तो निपचित.

आबांना मी स्वतः सांगितलं की गाणं मीच म्हणायला लावलं. ते म्हणाले, "जुपलेल्या बैलामागं दुसरं गानं म्हनायचं न्हाई, ह्ये तुला कुठनं ठावं? त्याला ठावं हुतं." यापेक्षा त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

पाहुणा दुपारच्या मोटारीनं गेला. शाळेत त्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, हा त्याचा मोठेपणा. मी वही चुलीत घातली. पण भांग वाकडाच राहिला आणि हॉटेलात जाणंही थांबलं नाही; दोन महिन्यांनी मी पुन्हा कपापुढं बसलो होतो. तरुण माणूस किती निर्लज्ज असतो ते मला स्वतःवरून माहीत आहे.

भाऊ गायचा बंद झाला. नव्या बैलाला मोट शिकवायची तर गाणं लागतं, म्हणून साठीला आलेले आबा धावेवर उभे राहिले आणि बसक्या आवाजात गायला लागले. भाऊ खाली पाटावर दारी मोडत, म्हणजे उसाच्या सऱ्यांत पाणी वळवत, ते ऐकायचा. रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या आता हळू होत नव्हत्या. वर्षाच्या आत तो पलटणीत भरती झाला. त्याची पत्रं दुसरा कुणी तरी लिहून द्यायचा. त्यांत हवापाणी असायचं, गाण्याचं काही नसायचं. मी त्याला कोल्हापूरची चौकशी केली नसल्याचं लिहिणार होतो. ते पत्र मी लिहिलं नाही.

लढाई संपून तो परत आला तेव्हा आबा नव्हते. दोन वर्षांत विहिरीवर तेलाचं इंजिन बसलं. मोट गोठ्यात पडली, कातडं उंदरांनी खाल्लं, बैल गाडीपुरते उरले. एकदा सुट्टीला गेलो असता आम्ही दोघं त्या जुन्या धावेवर बसलो होतो. इंजिन धडधडत होतं, म्हणून मला मोठ्यानं बोलावं लागलं. इतक्या वर्षांनी मी सांगितलं की माझ्यामुळं झालं ते. आणि कोल्हापुरात मी कुणालाच कधी विचारलं नव्हतं, हेही सांगितलं.



"मला तवाच कळलं हुतं रं," तो म्हणाला. "तू दर टायमाला परीक्षेचं सांगायचास. तरी इच्यारावं वाटायचं." मग म्हणाला, "गानं लय चांगलं हुतं. मला अजून समदं येतंय."

मला म्हणायचं होतं, म्हण मग, आता इथं कुणी बैल नाही. ते शब्द अगदी तोंडाशी आले होते. पण तसंच एकदा मी त्याला म्हणायला लावलं होतं, म्हणून गप्प बसलो. तो उठला आणि दारी मोडायला खाली गेला. मरेपर्यंत त्यानं ते गाणं म्हटलं नाही, आणि मी त्याला कधी म्हण म्हणालो नाही.