पोत्याच्या तळाची माती

“आकडा यंत्र सांगेल हो, पण शेत कुठलं ते पोत्याच्या तळाशी बघा,” आक्का एकदा म्हणाल्या होत्या.

सोयाबीनच्या बियाणे केंद्रात बावीस वर्षं त्या दाणे तपासत होत्या. अरुंद खोली, खिडकीला जाळी, टेबलावर तेल आणि प्रथिनं मोजणारं यंत्र. नमुना घालण्याआधी पोत्याच्या तळाची माती चिमटीत चुरडायची, ही त्यांची खोड.

“आक्का, मीठ देऊ का?” काट्यावरचा माणूस चिडवायचा.

“दे. आधी तुझा काटा पूस.”

त्या वर्षी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची वीस पोती आली. वाण एकच, पण काही पोत्यांत तेल वीस टक्के, काहींत जेमतेम सतरा. नव्या व्यवस्थापकांनी भेसळ ठरवून टाकली. बियाणं पिकवणाऱ्यांच्या यादीतून म्हाताऱ्याचं नाव जाणार होतं. तीस वर्षं टिकलेलं नाव.

आक्कांनी दाणे पसरले. प्रत्येकावर तोच तपकिरी ठिपका, त्या वाणाची खूण. मग माती चुरडली.

“काका, शेताला उतार आहे?”

“आहे की. वर मुरूम, खाली काळी.”

“शेंगा भरताना पाऊस?”

“अठरा दिवस तोंड दाखवलं नाही मेल्यानं.”

आक्का व्यवस्थापकांकडे वळल्या. “वरच्या झाडांना पाणी पुरलं नाही. दाण्यात तेल कमी उतरलं, प्रथिनं वाढली. खाली काळीनं ओल धरून ठेवली. भेसळ कुठली?”

“हे तुमचं म्हणणं झालं.”

“पोत्यांवरचे नंबर झाका, पोती हलवा. मी नुसत्या मातीवरून वेगळी करते. यंत्राशी जुळलं नाही तर खुशाल नाव कापा.”

म्हातारा दचकला. “अगं बाई, नाव माझं आहे!”

“शेतही तुमचंच आहे ना? मग घाबरता कशाला?”

अकरा पोती भिंतीकडे गेली, आठ दाराकडे. एका पोत्याशी आक्का बराच वेळ बसून राहिल्या. बोटांत दोन्ही प्रकारची माती येत होती. शेवटी ते त्यांनी मधोमध ठेवायला लावलं.

यंत्र दुपारभर घुरघुरलं. भिंतीकडची सगळी सतराच्या आसपास, दाराकडची विसाच्या. मधलं साडेअठरा.

“ते उताराच्या मधल्या ओळींचं,” म्हातारा हळूच म्हणाला.

व्यवस्थापकांनी आकडे दोनदा वाचले. “बरं. पण भेसळीच्या रकान्यात मी काय लिहू?”

आक्कांनी त्या कोऱ्या रकान्यावर दोन चिमटी माती ठेवली, एक भुरी, एक काळी. हात झटकले, आणि दार ओढून घेत निघून गेल्या.