आधी सातारा की आधी सांगली

सर्व्हर बदलणं सोपं असतं. तो आधी कुठे बदलायचा हे ठरवणं म्हणजे लग्नात पहिला फेटा कुणाला बांधायचा हे ठरवण्यासारखं. त्यात ठरवणारी माझ्यासारखी तापट बाई असली की बघायलाच नको.

मी एका दूध संघाच्या संगणक विभागाची प्रमुख. विभाग म्हणजे मी आणि एक पंखा. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दूध आलं की त्याचं माप आणि फॅट सांगलीच्या सर्व्हरवर जातं, मग केंद्रावर चिठ्ठी छापून येते. तो सर्व्हर पार म्हातारा झाला होता. उन्हाळ्यात एका संध्याकाळी तो अडकला तेव्हा मी नेमकी एका केंद्रावर होते. चिठ्ठीशिवाय दूध घ्यायचं नाही हा नियम, त्यामुळे रांग तशीच ताटकळली, आणि एका बाईनं नासलेलं दूध माझ्यादेखत गटारात ओतलं. मग रिकामी किटली उचलून ती घराकडे चालू लागली. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. हे पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढं मी तिथंच ठरवलं.

योजना साधी होती. नवी प्रणाली आधी माझ्या टेबलावरच्या यंत्रावर, म्हणजे डेव्हलपमेंटला. मग साताऱ्याच्या कचेरीत पडून असलेल्या जादा सर्व्हरवर, म्हणजे टेस्टिंगला. तिथं सगळं पारखून झालं की शेवटी सांगलीला, म्हाताऱ्याच्या जागी येणाऱ्या खऱ्या सर्व्हरवर, म्हणजे प्रॉडक्शनला.

बैठकीत 'शेवटी' हा शब्द ऐकून सांगलीचे व्यवस्थापक ताठ बसले. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, मिशा अजून ड्युटीवर.

"मुख्य कचेरी आमची, आन् नवं आधी साताऱ्याला? आमी शेवटी?"

"सर, शेवटी म्हणजे सगळ्यात सुरक्षित."

"पंगतीत मागं बसवलेल्या पावण्यालाबी असंच सांगत्यात, म्याडम."

त्यांच्या होकाराशिवाय काही हलणार नव्हतं. मी आठवडाभर डोकं आपटलं. शेवटी वैतागून विचारलं, "फौजेत सुरुंग पेरलेल्या रस्त्यावर आधी गाड्या सोडता का?"

"छ्या. आधी सुरुंग शोधणारे जात्यात." मग त्यांचा चेहरा उजळला. "मग घाला की साताऱ्याला फुडं."

इथवर ठीक होतं. पण त्यांनी ही आनंदाची बातमी स्वतःच फोन करून साताऱ्याला कळवली. पाठोपाठ साताऱ्याच्या व्यवस्थापकांचा मला फोन. "आवं म्याडम, आमी काय सुरुंगावर पाय द्यायला हाय व्हय?"

मी मनातल्या मनात सांगलीच्या मिशा उपटल्या आणि गोड आवाज काढला. "साहेब, तुम्ही पसंत केल्याशिवाय सांगलीला नवं काही मिळणार नाही."

"म्हंजे सांगलीनं आमाला इचारायचं?"

"तुम्हालाच."

"मग या लगेच."

आता त्यांना अधिकार असा चढला की विचारू नका. मी चाचणीसाठी खोटे आकडे तयार केले होते, ते त्यांनी बाजूला सारले. "खोट्या दुधावर काय कळतंय?" म्हणत घरच्या म्हशीचं दूध किटलीतून आणलं. सर्व्हरला जोडलेल्या फॅट मोजायच्या यंत्रानं दूध तपासलं, चिठ्ठी आली. फॅट शून्य.

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "माझी म्हस पाणी देती?"

मला हसू फुटलं आणि लगेच विरलं. हेच सांगलीला आधी केलं असतं तर सगळ्या केंद्रांवर सगळ्यांचं दूध एकाच वेळी पाणी ठरलं असतं. चूक माझ्याच एका ओळीत होती. ती दुरुस्त केली, तरी म्हशीचा अपमान भरून निघेना. रोज नवी किटली, रोज नवी शंका. गाईचं, म्हशीचं, मिसळलेलं, शेजाऱ्याचं, सगळं दूध यंत्रातून गेलं. एवढी कडक चाचणी मी पगार देऊनही करून घेऊ शकले नसते. अखेर त्यांनी सांगलीला फोन लावला आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "परवानगी हाय."

सकाळचं संकलन उरकल्यावर आणि संध्याकाळचं सुरू व्हायच्या आत, भर दुपारी मी सांगलीचा सर्व्हर बदलला. माजी सुभेदार नारळ घेऊन मागे उभे होते. फोडायला मी फक्त सर्व्हरच्या खोलीत मनाई केली.

संध्याकाळी कचेरीत बसवेना म्हणून मी जवळच्या केंद्रावर गेले. दूध ओतलं जात होतं, चिठ्ठ्या निघत होत्या, माणसं त्यांच्यावर नजरही न टाकता घरची वाट धरत होती. आज काही बदललंय हे कुणाच्या गावीही नव्हतं. मला भरून आलं. चिठ्ठीवरचे आकडे जवळून पाहावेत म्हणून मी खिडकीशी सरकले, तेवढ्यात मागून एका म्हातारीनं माझ्या पाठीला किटली टेकवली.

"ए बाय, मधीच कुठं घुसतीस? लायनीत ये. दूध नासंल माझं."

मी तिचं दूध पाहिलं. ताजं होतं. मी मुकाट्यानं रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले, रिकाम्या हातांनी, आणि माझा नंबर येईपर्यंत हलले नाही.