बंद कपाटातला दिवा

साहेबांच्या शिकारीच्या मोटारीत झोपायला फळी होती, कपाट होतं, बॅटरीवरचे दिवे होते. ती मोटार मी चालवायचो. रोज सकाळी बॅटरी उतरलेली असायची, म्हणून विंचूरला एका मिस्त्रीला बोलावलं. तो बॅटरी सोडून उलट्या हातानं आतलं लाकूडकाम चाचपत फिरू लागला. चोरीसाठी जागा हेरतोय असं वाटून मी त्याची पाठ सोडली नाही. कपाटाचं दार त्याला गरम लागलं. आत दिवा जळत होता, मीच बंद करायला विसरलेला.

साहेबांनी बिघाड विचारला.

"तार ढिली होती, साहेब. कसून दिली," मिस्त्री म्हणाला.

माझी नोकरी वाचली. पण माणूस खोटं किती सहज बोलला! मी गुपचूप आमची गाडीदुरुस्तीची हत्यारं मोजायला लागलो.

"मोजा, डायवरसाहेब," तो मागून शांतपणे म्हणाला, "मी थांबतो."