शेंदराचं बोट

नवी बाटली, नवी कात्री, नवा झाडू, काहीही हाती आलं की मामा खाकी सदऱ्याच्या खिशातून काड्यापेटीएवढी डबी काढत, अंगठा आत बुडवत आणि त्या वस्तूवर शेंदराचं एक बोट टेकवत. "आधी टिळो, मगे काम," असं म्हणत. नवा तराजू आला तेव्हा विभागप्रमुखांनी तो कुलपात ठेवला होता. कुलूप उघडलं तर तराजूच्या लाकडी पेटीवर केशरी ठिपका होता. मामांनी तो कधी लावला, हे आम्हांला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी तेव्हा दादरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत असे. मामा आमच्या प्रयोगशाळेतले गडी. बाटल्या धुणं, बर्नर पेटवणं, फुटलेली काच वेचणं ही त्यांची कामं. ते मालवणकडचे, राहायला परळच्या चाळीत. सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यावाचून जागा चालत नाही, आणि कुठल्याही फोटोत ती नसतात.

एका सकाळी मामा वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुडी घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले. जुडी मोरसच्या भाजीची होती. शिवडीच्या खाऱ्या चिखलात, तिवरांच्या अलीकडे ही बारीक, रसाळ पानांची भाजी आपोआप उगवते. धुऊन, उकळून, खारटपणा काढून ती खातात. मामांची थोरली बहीण, आक्का, आणि तिच्याबरोबरच्या सात-आठ बायका ओहोटीला जाऊन ही भाजी कापत आणि लालबागच्या बाजारात विकत. आक्का विधवा होती. तिचं आणि तिच्या मुलीचं पोट त्या पाटीवर होतं.

"बाई, हेच्यात काय आसा, ता जरा बघा," मामा म्हणाले. "आक्काची शेळी मेली. नाल्याकडची भाजी खाल्ल्यान हुती."

नाला म्हणजे एका कारखान्याचं सांडपाणी. ते राखाडी पाणी थेट चिखलात सुटे. कारखान्यात शिशाचं काम चालतं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. प्रश्न एवढाच होता, की ते शिसं चिखलातून भाजीत आणि भाजीतून गिरणगावातल्या पोरांच्या ताटात जातं आहे का.

विभागप्रमुखांनी परवानगी दिली. मामा आक्काबरोबर जाऊन सहा ठिकाणची भाजी आणि तिच्या मुळाशी असलेला चिखल घेऊन आले: तीन ठिकाणं नाल्याजवळची, तीन मिठागराच्या बांधापलीकडची, जिथे नाल्याचं पाणी पोचत नाही. मी ते सुकवलं, चिनी मातीच्या वाट्यांत जाळून राख केली, राख आम्लात विरघळवली. मग हिरव्या रंगाचं एक द्रावण त्यात घालून हलवायचं. शिसं असलं तर हिरवा रंग जाऊन तांबडा येतो.

सहाही नळ्या तांबड्या झाल्या.

मामा माझ्या मागे उभे होते. "बांधापलीकडची पण?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. संध्याकाळी त्यांनी शिवडीला जाऊन बायकांना सांगितलं, की कुठलीच भाजी कापू नका, सगळा किनारा नासला आहे. माझ्या शब्दावर त्यांनी बहिणीची पाटी उलटी केली. पुढचे आठ दिवस त्यांच्या डब्यात फक्त भाकरी आणि चटणी असे. घरातलं बाकीचं ते आक्काकडे पोचवत होते, हे मला नंतर कळलं.

विभागप्रमुखांनी महापालिकेला लिहायच्या पत्राचा मसुदा केला. सही उद्या करू, म्हणाले. त्या दुपारी मामा उरलेलं हिरवं द्रावण ओतून बाटली धूत होते. मी वह्या तपासत होते. नळ चालूच राहिला म्हणून मी वर पाहिलं. मामा आपल्या हाताकडे बघत उभे होते.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "शिसा माझ्याच आंगठ्याक आसा."

द्रावण अंगठ्यावरून ओघळलं होतं आणि ओघळ तांबडा झाला होता. मी धावत जाऊन नमुन्यांच्या बाटल्या काढल्या. प्रत्येक बुचावर केशरी ठिपका. नव्या बाटल्या होत्या ना. मामांनी आधी टिळा लावला होता, आणि त्याच अंगठ्याने भाजी आत दाबली होती.

शेंदूर म्हणजे शिशाचंच भस्म. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, मुलींना शिकवलंही होतं. पण तो पुस्तकातला शेंदूर आणि मामांच्या डबीतला शेंदूर एकच, असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मामा हात पुसून थेट विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. मी मागोमाग.

"साहेब, चूक माझी. बाईंची नाय."

मी सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला. "शेंदराचं सूत्र काय?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. "हे कुठं शिकलात?"

"तुमच्याकडेच, सर."

"आणि मी त्या तराजूवरचा ठिपका वर्षभर बघतोय," ते म्हणाले. "म्हणजे चूक तिघांची. पत्र थांबवा. पुन्हा करा."

पुन्हा जायचं ठरलं, आणि नेमका हरताळ जाहीर झाला. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरणार होतं. मामा तोवर एकही मोर्चा चुकवत नसत. त्या सकाळी ते नायगावात माझ्या दारात उभे राहिले, पायांत वहाणा, हातात साबणाने तीनदा धुतलेल्या बाटल्यांची पिशवी.

"मोर्चा?" मी विचारलं.

"मोर्च्यात हजारो माणसां आसत. चिखलात कोण आसा? तुम्ही नि मी. आज कारखानो बंद, नालो सुको. तोंडापर्यंत जावक गावतला."

आम्ही चालत गेलो. दुकानांच्या फळ्या बंद होत्या, लांबून घोषणा ऐकू येत होत्या. वाटेत मामांचा नेहमीचा मारुती लागला. मामा थांबले, हात पुढे गेला, परत आला. मग त्यांनी मागे सरून लांबूनच नमस्कार केला. डबी ते घरी ठेवून आले होते. सदऱ्याचा खिसा त्या दिवशी चपटा दिसत होता.

किनाऱ्यावर आक्का वाट बघत होती. मामांनी तिला खरं सांगितलं.

"आठ दिवस माझी पाटी पालथी ठेवलंस, नि आता म्हणतंस चूक झाली?" आक्का कडाडली. "मेल्या, तुका त्या मारुतीन तरी बुद्धी देवची हुती!"

"दिल्यान गो. जरा उशिरान दिल्यान."

आक्का फिसकन हसली, आणि मग विळा घेऊन स्वतःच चिखलात उतरली. बाटल्या मी भरल्या. मामा पाठीमागे हात बांधून बांधावर उभे राहिले. बाटलीला बोटही लावायला तयार नव्हते.

या वेळी नाल्याजवळच्या तिन्ही नळ्या तांबड्याभडक झाल्या. बांधापलीकडच्या तिन्ही हिरव्याच राहिल्या. मामांनी त्या तीन नळ्या खिडकीच्या उजेडात एकेक करून धरल्या. "पोटापुरतो किनारो शिल्लक आसा," ते म्हणाले आणि नाक शिंकरायला बाहेर गेले.

त्याच आठवड्यात त्यांनी आणि बायकांनी बांधावर बांबूंची रांग रोवली. बांबूच्या अलीकडे विळा घालायचा नाही. पलीकडे जायचं म्हणजे ओहोटीला तासभर जास्त चाल पडे. बायकांनी कुरकुर केली आणि गेल्या. सरांचं पत्रही गेलं. वर्षभराने कारखान्याने नाल्याच्या तोंडाशी गाळ बसायला टाकी बांधली. टाकी अपुरी होती, पण चिखलात सुटणारं पाणी पूर्वीइतकं राखाडी राहिलं नाही.

मामांनी टिळा सोडला नाही. मारुतीला शेंदूरच, पण बाटल्यांना हळद. "हळद आधी तुम्ही बघा, बाई. माझो आता कोणावर विश्वास नाय." मी हळद तपासली. द्रावण हिरवं राहिलं. तेव्हा कुठे डबीत हळद गेली.

मामा गेल्याचं मला उशिरा कळलं. त्यांची भाची, आक्काची मुलगी, आता भाजी विकते. मी भेटायला लालबागच्या बाजारात गेले. माझ्याशी बोलता बोलता ती जुड्या बांधत होती. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने मोरसला हात घातला आणि विचारलं, "कुठची गं?"

"बांबूपलीकडची आसा," ती म्हणाली.

बांबू कुजून पडले, त्याला किती वर्षं झाली. तिथे आता खूण म्हणून काही उरलेलं नाही.

निघताना तिने माझ्या पिशवीत एक जुडी घातली. घरी येऊन मी ती सोडायला घेतली. जुडीच्या दोऱ्यावर हळदीचं बोट होतं.