भिंतीकडे तोंड केलेली पेटी

माझे वडील नौदलात कुक होते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण गेले दोन महिने आमच्या खारी गावात एवढ्याच एका शब्दावरून माझं भांडण चालू आहे, आणि मी ते सोडणार नाही.

गाव म्हणायचं, पण आता चारी बाजूंनी टॉवर उभे आहेत. मधे गावदेवीचं देऊळ, विहीर आणि आमची पन्नासएक घरं. टॉवरमधले लोक आम्हाला ‘वो गाँववाले’ म्हणतात, हे गावाच्या अध्यक्षांना फार लागतं. ते बाबांचे लंगोटीयार, म्हणून माझे काका. गावही काही कमी नाही हे टॉवरला दिसावं म्हणून त्यांनी ठरवलं की देवळाच्या भिंतीवर फलक लावायचा. गावातून देशसेवेला गेलेल्यांची नावं, आणि प्रत्येकापुढे त्याचं काम. अशी माणसं तीनच. दोघे लष्करातले, तिसरे माझे बाबा.

काका घरी आले, चहा घेतला आणि बशीकडे बघत म्हणाले, “बाय, नुसता नौदल लिवू. कुक कशाला? टावरमधली लोका हसतील.”

माझं डोकंच फिरलं. बाबा निवृत्त होऊन आले ते थेट गावच्या भंडाऱ्याच्या चुलीपाशी. वीस वर्षं जत्रेची डाळ त्यांच्या हातची. काकांनी दरवर्षी तीन-तीनदा मागून खाल्ली, आणि आता त्याच हातांची त्यांना लाज वाटायला लागली. मी हे सगळं तोंडावर बोलले. ते म्हणाले, तो लढला असता तर गोष्ट वेगळी.

मला सांगता आलं असतं की जहाजावर धोक्याची घंटा झाली की कुकसुद्धा कढई सोडून आग विझवायला धावतो, जखमींना उचलतो. बाबांनी मला ते सांगितलं होतं. पण मी मुद्दामच सांगितलं नाही. तीनशे माणसांना डोलत्या जहाजावर, उलट्या आवरत, तिन्ही त्रिकाळ गरम जेवायला घालणं हे पुरेसं नाही का? त्याला बंदुकीची जोड कशाला हवी? कुक लिहायचं नसेल तर नावही लिहू नका, असं मी सांगितलं. काका चहा अर्धा टाकून गेले.

खरं सांगायचं तर राग काकांवर जेवढा होता त्याहून जास्त माझा माझ्यावरच होता.

बाबांची एक काळी लोखंडी पेटी आहे. तिच्या दर्शनी बाजूवर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव, नंबर आणि खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत कुक. ती अक्षरं त्यांनी तुपाच्या डब्याचा पत्रा कापून, त्यावरून रंग फिरवून उमटवली होती. मी सातवीत असताना वर्गातल्या मैत्रिणी घरी यायच्या होत्या. शाळेत मी थाप मारून ठेवली होती की माझे बाबा जहाजावर तोफा उडवतात. म्हणून मी पेटी ओढत नेऊन तिचं तोंड भिंतीकडे केलं आणि वर चादर टाकली. बाबा तेव्हा सुट्टीवर होते. मागच्या पडवीत कांदा चिरत होते. मैत्रिणींनी तोफांबद्दल विचारलेलं आणि मी रंगवून सांगितलेलं त्यांनी सगळं ऐकलं. एका शब्दाने मला विचारलं नाही. मैत्रिणींना कांदाभजी मात्र खायला घातली.

पुढच्या सुट्टीत ते आले, खांद्यावरून पेटी उतरवली आणि माझ्यादेखत स्वतःच तिचं तोंड भिंतीकडे केलं. मग दर सुट्टीला तेच. निवृत्त झाल्यावरही ती तशीच राहिली. ते गेले तेव्हाही. मला मूल झालं, केस पिकायला लागले, पण ‘बाबा, ती फिरवा’ एवढं माझ्याच्याने म्हणवलं नाही. कसली लाज वाटत होती कोण जाणे. आधी त्यांची, मग माझी.

जत्रेच्या दिवशी सकाळी मी आणि माझी आत्या, आम्ही दोघींनी पेटीच्या दोन कड्या धरल्या आणि ती देवळापर्यंत नेली. वाटेत टॉवरच्या वॉचमनने विचारलं, “भाभी, क्या है इसमें?” मी म्हटलं, मेरे बाप का नाम है. फलक त्याच दिवशी उघडायचा होता, त्यावर अजून पडदा होता. त्याच्या बरोबर खाली पेटी ठेवली, अक्षरं रस्त्याकडे.

पडदा निघाला. लष्करातल्या दोघांपुढे शिपाई आणि ड्रायव्हर. बाबांपुढे फक्त नौदल. टाळ्या झाल्या. माझ्या काही झाल्या नाहीत.

मग पंगत बसली. बाबांची एक पद्धत होती. जहाजावर खलाशांचं जेवण वाढण्याआधी ड्युटीवरचा अधिकारी ते चाखतो आणि बरं आहे म्हणतो, मगच वाढायला सुरुवात. गावात अधिकारी कुठला? म्हणून बाबा पहिली वाटी घेऊन कुणातरी म्हाताऱ्या माणसापुढे उभे राहायचे आणि ताठ उभं राहून सांगायचे, चाखून बघा. ते गेल्यापासून केटरर येतो आणि कुणी चाखत नाही. मी पातेल्यातून वाटीभर डाळ घेतली आणि काकांपुढे ताठ उभी राहिले. सगळी पंगत बघायला लागली.

काकांनी वाटी तोंडाला लावली. मग म्हणाले, “मीठ कमी हाय. तुझ्या बापाच्या हातची न्हाय ही.”

“काका, कोण होता माझा बाप?”

त्यांनी खाली पेटीकडे बघितलं. हळूच म्हणाले, कुक होता. मी म्हटलं, मागच्यांना ऐकू गेलं नाही. तेव्हा काका वाटी हातात घेऊन उभे राहिले आणि देवळाच्या मागच्या टॉवरपर्यंत जाईल अशा आवाजात ओरडले, “कुक होता तो! जहाजावर कुक होता!”

हसलं कुणीच नाही. वाढप्याने तेवढं मीठ घातलं.

फलक अजून अपुराच आहे. काका म्हणतात, पुढच्या सभेत बघू. सभेला मी जाणारच आहे, आणि लिहिलं नाही तर त्याच्या पुढच्यालाही. पेटी घरी आणली आहे. तिचं तोंड आता दाराकडे आहे आणि वरची चादर मी फाडून तिची फडकी केली. बाबा असते तर त्यांच्यासमोर फिरवली असती, असं आता म्हणायला काय जातं. ते होते तेव्हा तीस वर्षं माझ्या हाताशीच होती ती.